डावा पाय

सहादूचा डावा पाय तिसऱ्यांदा खाली गेला आणि नवी कोरी गाडी सोमेश्वरच्या रस्त्यावर जागच्या जागी थांबली. मागे बसलेल्या कुसाबाईंचं कपाळ पुढच्या सीटवर आपटलं, मांडीवरचा पेढ्यांचा बॉक्स उडाला. मागून येणारा स्कूटरवाला कसाबसा वाचला आणि काचेजवळ येऊन सहादूचा उद्धार करून गेला.

"झोपलास का रे?" शेजारी बसलेले कुसाबाईंचे चिरंजीव शेखरसाहेब आईकडे बघत ओरडले.

"नाय साहेब. पाय आपसूक जातोय."

तो खोटं बोलत नव्हता. वीस वर्षं कांद्याचा ट्रक आणि पुढची अकरा साहेबांची जुनी गाडी चालवलेला तो पाय. वेग कमी करायचा म्हटलं की विचारत बसायचा नाही, सरळ क्लचवर जायचा. या बिनगिअरच्या गाडीत क्लचच नव्हता. त्या जागेपर्यंत ब्रेकचं भलं रुंद पेडल आलं होतं, आणि दाबायचं म्हणजे तळापर्यंत, एवढंच त्या पायाला ठाऊक.

साहेबांनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, "आजचा दिवस बघतो. जमलं तर ठीक, नाहीतर तुझा तू मोकळा." छप्पन्नाव्या वर्षी त्याला दुसरं कोण ठेवणार होतं?

"मग बांधा ना तो पाय," मागून साहेबांची बायको हर्षाली म्हणाली.

साहेब खो खो हसले. सहादूही हसला, ड्रायव्हरनं हसायचं तेवढं. हर्षालीवहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी गळ्यातली ओढणी काढून पुढे केली. साहेब काही त्याच्या पायाला हात लावणार नव्हते. त्यानं स्वतःच वाकून घोटा सीटखालच्या लोखंडी दांडीला बांधला. "दोन गाठी मारा," वहिनी म्हणाल्या. त्यानं दोन मारल्या.

आता सहादू म्हणजे काही गरीब गाय नव्हता. सहा वर्षांपूर्वी याच वहिनी जुनी गाडी शिकायला निघाल्या होत्या. त्या शिकल्या की आपली गरज संपली, हे त्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं. तळघरातल्या पार्किंगमधून वर येणाऱ्या चढावर त्यानं त्यांना मुद्दाम थांबायला लावलं. गाडी मागे घसरू लागली, वहिनी किंचाळल्या, आणि हा शेजारी बसून नाक वर करून म्हणाला, "वास आला का? क्लचप्लेट जळाली. बायामानसाचं काम नाय वहिनी हे." काहीही जळलं नव्हतं. असं तीनदा केल्यावर वहिनींनी नाद सोडला. त्या संध्याकाळी ड्रायव्हरांच्या कट्ट्यावर त्यानं ही गोष्ट रंगवून सांगितली आणि वर सगळ्यांना चहा पाजला. ती गाडी त्याला घरच्या जनावरासारखी होती. नुसत्या आवाजावरून तिचं काय दुखतंय ते त्याला कळायचं, आणि ती दुसऱ्या कुणाचं ऐकायची नाही, याचा त्याला फार अभिमान होता.

बांधल्या पायानं गाडी निघाली. आनंदवल्लीचा सिग्नल, गतिरोधक, मधेच घुसलेली रिक्षा; एकदाही धक्का बसला नाही. घोट्याशी ओढणी ताणली जायची, पाय धडपडायचा आणि मुकाट बसायचा. कुसाबाई चक्क पेंगल्या. घरी आल्यावर साहेबांनी गाडी तळघरात न्यायला लावली आणि वर येताना अर्ध्या चढावर थांबवायला सांगितली. सहादूनं ब्रेकवरून पाय काढला. गाडी बोटभरसुद्धा मागे सरकली नाही.

वर आवारात त्यानं ती अलगद उभी केली. त्याला आनंदानं रडू यायचंच बाकी राहिलं होतं.

"जमलं की साहेब! कायच अवघड नाय. एका पायाचं काम हाय, बारकं पोरगंबी चालवंल."

"तेच म्हणतोय मी," साहेब म्हणाले. "मग ड्रायव्हर कशाला ठेवायचा?"

सहादूला वाटलं, थट्टा आहे. त्यानं आरशात पाहिलं. वहिनी मागच्या सीटवर नव्हत्या. त्या उतरून त्याच्या दाराशी येऊन उभ्या होत्या.

"उतरा सहादूभाऊ. आता मी चालवते. महिनाभर क्लासला जातेय, तुम्हाला सांगायचं राहिलं."

"वहिनी, अकरा वर्सं मी..." तो घाईनं उठायला गेला आणि बांधलेल्या पायानं त्याला परत सीटवर आदळलं. वॉचमन फिस्सकन हसला. गाठी पार आवळून बसल्या होत्या. स्टिअरिंगखाली डोकं घालून तो त्या सोडवत राहिला. नख मोडलं, कान तापले, तरी एक सुटेना.

"सावकाश. काही घाई नाही," वहिनी म्हणाल्या. "सहा वर्षं थांबलेच ना मी."

शेवटी पाय सुटला. वहिनींनी ओढणी दोन बोटांनी उचलून मागच्या सीटवर टाकली, स्टिअरिंगवर बसल्या, सीट पुढे ओढून घेतली. गाडी मागे घ्यायची होती. सहादू लंगडत गाडीच्या मागे गेला. कुणी सांगितलं नव्हतं त्याला. डोळे पुसून तो दोन्ही हातांनी खुणा करू लागला.

"येऊ द्या वहिनी, येऊ द्या... लय जागा हाय..."

वहिनींनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. समोरच्या पडद्यावर त्यांना सगळं दिसत होतं. गाडी मात्र सारखी टीं टीं करायला लागली. मागे काही आडवं आलं की ती तशी वाजते.

त्यांनी काच खाली केली.

"बाजूला व्हा ना हो. तुमच्यामुळेच वाजतंय ते."