भेगेचा चार्ट

टाकव्याच्या वरच्या वाडीतले गोविंदाभाऊ रोज सकाळी डोंगराला पडलेली भेग मोजायचे आणि ऑफिसात सईला फोन करायचे.

"ताई, आज आनखी दोन बोटं. आमाला कदी हलवनार?"

सई एक्सेलमध्ये आकडा भरायची. साहेबांच्या स्क्रीनवर चार्टची रेघ आपोआप वर चढायची.

"सर, वाडी हलवायलाच हवी."

"चार्टवर लक्ष आहे माझं."

आज साहेबांनी तिला मुद्दाम हाक मारली. "ये, बघ. रेघ कालच्या जागेवरच आहे. थांबली तुझी भेग! उगाच घाबरवत होतीस."

सई फोन कानाला लावून उभीच होती. सकाळपासून गोविंदाभाऊंचा फोन लागत नव्हता. आता वाडीतल्या कुणाचाच लागेना.