प्रकृतीस उतार

सांगलीत कुणीही गेलं की गंगाधरपंत आपल्या साप्ताहिकात चार ओळी छापायचे. बेचाळीसच्या थंडीत त्यांची बायकोच गेली. एकुलता एक शरच्चंद्र चळवळीत भूमिगत, तेव्हा अग्नी पंतांनीच दिला. साध्या वेशातले दोन पोलीस मात्र पोराची वाट बघत स्मशानात शेवटपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या आकारामनं विचारलं, "आवं पंत, वैनींची बातमी काळ्या चौकटीत घेऊ न्हवं?"

"नको. लाव, 'सौ. विनोदिनीबाईंच्या प्रकृतीस उतार आहे.'"

आकारामनं उचललेला खिळा परत खणात टाकला.

"शरद असेल तिथं आपला अंक मिळवून वाचतो रे. खरं छापलं तर धावत येईल."

पंधरा दिवसांनी माणदेशातला एक धनगर छापखान्यात आला आणि टेबलावर घोंगडी ठेवून हळूच म्हणाला, "तुमच्या पोरानं आईसाठी धाडलीया. तिच्या थंडीची लय काळजी करतोय."

रिकाम्या घरात ती घोंगडी स्वतःच्या अंगावर ओढून पंतांनी पुढच्या अंकाची ओळ लिहिली: 'सौ. विनोदिनीबाईंना आता थंडी वाजत नाही.'