शंभरावं पुस्तक

९८/१००

तळेगावहून कंपनीच्या बसने जाता-येता श्रीयश इयरफोन लावून पुस्तकं ऐकायचा, तीही दुप्पट वेगाने. एक संपलं की मुखपृष्ठाचा फोटो आणि नवा आकडा लगेच वाचकांच्या ग्रुपवर जायचा.

९९/१००

लोणावळ्याला बाबा अर्धांगाच्या झटक्यानंतर एकेक शब्द जुळवत बोलायचे. लहानपणी ओळीखाली बोट धरून श्रीयशला वाचायला शिकवलं होतं ते त्यांनीच. आता त्यांचा फोन आला की तो म्हणायचा, “बाबा, आईकडे द्या. एवढी शंभर होऊ द्यात, मग निवांत बोलू.”

१००/१००

ग्रुपवर टाळ्याच टाळ्या. त्याच रविवारी तो पेढे घेऊन घरी गेला.

“शंभर पुस्तकं ऐकलीस म्हणे!” आई म्हणाली. “आता ह्यांचं एक वाक्य ऐक. आठवडाभर घोकतायत तुझ्यासाठी.”

बाबा खुर्चीत सावरून बसले. “बा... बाळा, म... मला...”

श्रीयश मान डोलावत राहिला.



खिशातल्या फोनवर त्याचा अंगठा वेग वाढवायचं बटण शोधत होता.