चालणं तुझं, उड्या माझ्या

"डावीकडचं मी धरते, उजवीकडचं तू. चालणं माझं, उड्या तुझ्या." अनुषा धाकट्या भावाशेजारी चटईवर येऊन बसली आणि तिनं कंट्रोलर दोघांच्या मधे धरला.

पवनकुमार सरकून बसला. "बेडा, अक्का. नको म्हटलं ना."

पण टीव्ही सुरू झाला होता. हिनकलच्या या घरात माळ्यावर पडून असलेला गेम अनुषानं सकाळभर पुसून, फुंकर मारमारून चालता केला होता. पडद्यावर तांबड्या चिलखतातला, पंखवाला वीर मनोऱ्याच्या कठड्यावर उभा राहिला. कॉमिकमध्ये त्याचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. या घरात तो तांबोबा होता. शाळेतून आल्या आल्या दप्तरं फेकून दोघं त्याच्यासाठी भांडायची. कंट्रोलर एकच, म्हणून एकानं खेळायचं आणि दुसऱ्यानं नुसतं ओरडायचं, असा नियम आईनं घालून दिलेला.

मेटगळ्ळीच्या वर्कशॉपमध्ये प्रेसखाली डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट गेल्यापासून पवन घरातच होता. जखम कधीच भरली होती. दुसरं काम देतो, ये, असा मालकाचा निरोप होता. पवननं उत्तर दिलं नव्हतं. मित्र आले की तो झोपल्याचं सोंग करायचा. त्याच्यासाठी म्हणून अनुषा बंगळूरहून आली, तर तिच्याशीही धड बोलला नव्हता.

अनुषानं तांबोबाला पळवत कडेपर्यंत नेलं. उडी काही आली नाही. तांबोबा दगडासारखा खाली गेला.

"अय्यो! सांगायचं तरी!" पवन म्हणाला.

"तुला डोळे नाहीत?"

पुन्हा सुरू केलं. या वेळी पवननं उजव्या अंगठ्यानं वेळेवर बटण दाबलं आणि तांबोबा समोरच्या गच्चीवर उतरला. मग दुसरी गच्ची, मग पाण्याची टाकी. पवन नकळत पुढे सरकून बसला. तोंडातली मराठी केव्हाच मागे पडून कन्नड सुरू झाली.

"एडगडे, अक्का! एडगडे!"

डावीकडे वळायचं सोडून अनुषानं तांबोबाला सरळ भिंतीवर नेऊन आदळलं.

"लहानपणीही अशीच होतीस! डावं कुठलं, उजवं कुठलं, तुला कळतच नाही."

"आणि तू लहानपणीही असाच कानात ओरडायचास!"

स्वयंपाकघरात जमुनाबाईंनी मिक्सर बंद केला. मुलगा हसल्यासारखा वाटला. खात्री करायला त्या तशाच उभ्या राहिल्या. पुन्हा हसू ऐकू आलं, तेव्हा मिक्सर परत लावायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

पुढे तुटका पूल आला. तांबोबा पडला. परत आला, परत पडला. पवननं बटणावरचा अंगठा उचलला. अनुषाला वाटलं, कंटाळला. आता उठणार आणि आत जाऊन दार लावून घेणार.

"अक्का, जागा बदल."

"म्हणजे?"

"तू इकडे ये. उड्या तू मार. चालवतो मी."

अनुषानं त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि लगेच पडद्याकडे. उठून ती त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसली.

पवननं कंट्रोलरचं डावं टोक तळव्यावर घेतलं. उरलेल्या बोटांतलं मधलं बोट चालवायच्या छोट्या दांडीवर ठेवलं. ते निसटलं. पुन्हा ठेवलं. तांबोबा जागच्या जागी गोल फिरला, उलटा मागे आला, कठड्याला घासत राहिला. अनुषाचा हात मदतीला पुढे गेला. तिनं तो आवरला, अंगठा उडीच्या बटणावर ठेवला आणि वाट बघत बसली.

झोकांड्या खात तांबोबा पुलावर चढला.

ओले हात पदराला पुसत जमुनाबाई बाहेर आल्या आणि टीव्हीसमोर येऊन थबकल्या. मुलाचा डावा हात किती तरी दिवसांनी असा उघडा, उजेडात होता. त्यांनी तो पाहिला आणि नजर पडद्याकडे वळवली.

"काय रे पवना, हा असा वाकडातिकडा कुठं निघालाय?"

"पलीकडे," पवन मान वाकडी करून त्यांच्या पदराआडून बघत म्हणाला. "तू आधी बाजूला हो, आई. मला दिसत नाही."

जमुनाबाई बाजूला झाल्या.