सहा बर्थची कॅराव्हॅन

"बर्थ सहाच आहेत," फेलिशिया तिसऱ्यांदा म्हणाली. "आणि माणसं सात."

जोएलने पुन्हा बोटं मोजली. तो स्वतः, बायको फेलिशिया, दोन पोरं, सासरे प्लासिडमामा आणि सासू मटिल्डामामी. सहा झाले. सातवे त्याचे वडील डॉमनिक. ते बाहेर होते. दारात उभ्या असलेल्या कॅराव्हॅनच्या बुडाला बोटाची गाठ ठोकून बघत होते, नव्या होडीचं लाकूड पारखावं तसे.

दोन चाकांची ती गाडी जोएलने मे महिन्याच्या सुट्टीसाठी गोखिवऱ्याहून भाड्याने आणली होती. जीपच्या मागे अडकवायची आणि ओढत न्यायची. आत बिछाने, शेगडी, भांडी घासायला जागा, सगळं. केळवे, डहाणू, दमण आणि जमलं तर पार दीवपर्यंत. प्लासिडमामांना दमणला दोन मुक्काम हवे होते. का, ते कोणी विचारलं नाही.

"मग पप्पांचं काय?" जोएलने आवाज खाली आणला.

सगळ्यांनाच पप्पांची काळजी होती. मटिल्डामामी म्हणाल्या, "एवढ्याशा बर्थवर त्यांची कंबर धरेल." फेलिशिया म्हणाली, "रोजचं जेवण कमळीमावशी देईल, मी बोलते तिच्याशी." प्लासिडमामा म्हणाले, "या वयात माणसाला आपलीच खाट बरी." ते डॉमनिकपेक्षा दोन वर्षांनी मोठे होते.

 जोएलला ठाऊक होतं, या घरात दमणला जायची खरी ओढ कोणाला आहे. डॉमनिकने पन्नास वर्षं तो किनारा पाण्यातून पाहिला होता. डहाणूकडच्या महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका अमुक अंगाला आला की जाळं टाकायचं, दमणच्या दीपगृहाचा दिवा दिसला की होडी वळवायची. पण पाय म्हणून लावला नव्हता तिथे. मागच्या आठवड्यात त्यांनी नातीला, नेहलला, मोबाइलवर नकाशा उघडायला लावला होता. "त्या दिव्याच्या खाली गाडी जाते का गं?" जाते म्हटल्यावर म्हातारा दिवसभर शीळ घालत फिरला होता.

आता त्यांना 'तुम्ही राहा' असं सांगायचं होतं. जेवण झाल्यावर सांगू, असं जोएलने ठरवलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मासळीचा टेम्पो भोंगा वाजवू लागला. जीपला जोडलेली कॅराव्हॅन वाटेत होती. ती मागे मागे रस्त्यापर्यंत काढायला हवी होती.

प्लासिडमामा पुढे झाले. त्यांनी यावर चौदा व्हिडिओ पाहिले होते. "सोपं आहे. डावीकडे घ्या, जावईबापू!"

जोएलने जीपमध्ये बसून स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. कॅराव्हॅनची शेपटी उजवीकडे गेली, थेट शेजारच्या कमळीमावशीच्या अंगणात, वाळत घातलेल्या बोंबलांच्या रोखाने.

"अरे जोएल!" कमळीमावशी घमेलं टाकून धावली. "माज्या एका बोंबलाला धक्का लागू दे, बाकीचे तुज्या गाडीवरच वाळत घालीन!"

दुसऱ्या खेपेला शेपटी भिंतीकडे गेली. तिसऱ्या खेपेला जीप आणि कॅराव्हॅन कोपरासारख्या मुडपल्या आणि जागच्या जागी अडकल्या. टेम्पोवाला टेम्पो रस्त्याच्या कडेला लावून, खाली उतरून मजा बघू लागला. पोरं शूटिंग करत होती. प्लासिडमामा पंधरावा व्हिडिओ शोधत होते.

जीपचं दार उघडलं. डॉमनिक शेजारी येऊन बसले.

"व्याह्यांना सांग, सावलीत बसा."

"पप्पा, तुम्ही सायकलशिवाय आयुष्यात काही चालवलंय?"

"होडीत सुकानूचा दांडा डावीकडे दाबला, तर होडी जाते कुठं?"

"उजवीकडे," जोएलच्या तोंडून आपोआप गेलं. लहानपणी तो दांडा त्याने हातात धरला होता.

"मग ही तरी काय येगळी हाय? शेपूट जिथं न्यायचं, त्याच्या उलटं फिरव. आधी थोडी पुढं घे, सरळ कर. हां. आता पाठी. जरासंच फिरव, तुला काय चकली पाडायचीय? सोड आता. येऊ दे."

कॅराव्हॅन शहाण्या म्हशीसारखी मागे सरकू लागली. बोंबलांपासून हातभर अंतर ठेवून, भिंतीला न शिवता, ती गल्लीतून बाहेर पडली. कमळीमावशीने टाळ्या वाजवल्या. "व्हिडिओत असंच होतं," प्लासिडमामा म्हणाले.

जोएलने इंजिन बंद केलं. त्याला वडिलांकडे बघवेना. तो खाली उतरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पप्पा येणार. माझा बर्थ त्यांना. मी जीपमध्ये झोपेन."

"गाडी चालवणाऱ्याला झोप नको?" फेलिशिया म्हणाली. "मी आणि नेहल एका बर्थवर मावू."

"मी खाली पथारी टाकते," मटिल्डामामी म्हणाल्या.

"मी काय म्हणतो," प्लासिडमामांनी घसा खाकरला, "डॉमनिकभाऊंची कंबर..."

"तुम्ही तुमची कंबर सांभाळा!" मटिल्डामामींनी त्यांना तिथेच गप्प केलं.

डॉमनिक जीपमधून सावकाश उतरले. मागचं दार उघडून त्यांनी सीटखाली हात घातला आणि दोरीने आवळलेली चटईची गुंडाळी बाहेर ओढली. आत घडी केलेला शर्टही दिसत होता.

"ही रविवारपासून हितंच हाय," ते म्हणाले. "पन्नास वर्सं होडीच्या फळीवर निजलो मी. बर्थ मागितला कोनी? 'चला पप्पा' एवढंच कोन बोलत नव्हतं."