बॅटरी कोण खातंय?

चावी माझ्या हातात होती, तरी बॅटरी आणि गाडीच्या वायरीमध्ये जोडलेला छोटा बल्ब मिणमिणत होता. म्हणजे बंद गाडीतही काहीतरी करंट खात होतं.

रविवारी मोटारसायकल उभी राहिली की सोमवारी बॅटरी उतरलेली. जनावरांना लस टोचायला गावोगाव जाणारी मी, दारातच अडकायची. "बायकांना गाडी झेपत नाही, विकून टाक," नवरा म्हणायचा. आज तो कामावर गेला, तेव्हा चार्ज करून आणलेली बॅटरी बसवली आणि ठरवलं, दोष सापडल्याशिवाय अंगणातून उठायचं नाही.

एकेक फ्यूज काढला. बल्ब तसाच. हॉर्न, इंडिकेटर, हेडलाइट सगळं सोडवलं. तरी तसाच. मग बॅटरीपासून प्रत्येक वायर बोटांनी चाचपत निघाले. सीटखाली एका वायरवरची चिकटपट्टी नवीकोरी होती. तिच्या टोकाला काडेपेटीएवढी काळी डबी. ती उपटली आणि बल्ब विझला.

डबीत सिमकार्ड होतं.

मी कुठे चहा प्यायले, कुणाच्या गोठ्यात किती वेळ थांबले, नवऱ्याला रोज संध्याकाळी सगळं ठाऊक असायचं. शेजारची इंदू चहाड्या करते असं समजून मी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं.

ओट्यावर त्याचा चहाचा उष्टा कप होता. डबी त्यात टाकली, फ्यूज आणि वायरी पुन्हा जोडल्या, सीट बसवली, स्टार्टर दाबला. गाडी एका दमात सुरू झाली. इंदूच्या शेताशी पोचले तोच फोन वाजला.

"अजून घरीच? कामावर गेली नाहीस?"

"घरी तुझी डबी आहे," मी म्हणाले. "मी नाही."

फोन ठेवला आणि बांधावरूनच इंदूला हाक मारली.