राउटरचा पासवर्ड

कुरखेड्यात घरोघरी इंटरनेट देणारा जाहिद माझ्या सासऱ्यांना, अब्बांना, सांगायचा, सून मोबाइलवर काय उघडते. मार्चमध्ये त्याने माझ्या नर्सिंगच्या फॉर्मची चुगली केली आणि परीक्षेच्या दिवशी अब्बांनी मला खोलीत कोंडलं. आज मी राउटरमधलं त्याचं सॉफ्टवेअर, ज्यातून तो हे सगळं बघायचा, पुसून सगळ्यांसाठी खुलं, फुकट मिळणारं दुसरं टाकलं. मध्येच वीज गेली तर राउटर कायमचा मरतो, म्हणून तो आधी नवऱ्याच्या ऑटोच्या बॅटरीला जोडला होता. दिवा हिरवा झाला आणि अब्बांचा फोन वाजला. स्पीकरवर जाहिद बोलत होता. “चाचा, तुमच्या घरचं काहीच दिसून नाई राह्यलं.” अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. “काय करून ठेवलं तू?” “राउटरचा पासवर्ड आता माह्याजवळ हाय, अब्बा. कोण काय उघडते, ते मले दिसते. घरातल्या सगळ्यांचं.” अब्बांनी फोन कापला आणि मोबाइल पालथा ठेवला.